इमारतीची लागण एकदाच होते



या पानावर आपण नेहमी बेणे, खते, ठिबक आणि खोडव्याची निगा यांविषयी बोलतो. या वेळचा विषय सिमेंट आणि काचेचा आहे, पण तोही उसाच्याच पैशाचा आहे. आपल्या पट्ट्यात कित्येक सभासदांनी उसाच्या बिलातून, भावकीच्या भागीदारीत किंवा कर्ज काढून रस्त्याकडेला गाळे, मंगल कार्यालये, दवाखाने उभे केले आहेत. आणखीही उभे राहत आहेत. आराखडा काढणारा मुंबईच्या एखाद्या इमारतीचा फोटो दाखवतो. दर्शनी बाजू सगळी काचेची असते आणि घरची मंडळी म्हणतात, "आपलंही असंच पाहिजे!" पैसा अडकण्यापूर्वी चार गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या. त्यासाठी आधी मुंबईलाच जाऊ.

जुन्या लोकांची युक्ती

परळ-लालबाग आपल्याला परके नाही. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या आणि कोकणातल्या घराघरांतून कोणी ना कोणी तिथे गिरणीत होते. ज्यांनी गिरणी आतून पाहिली आहे त्यांना तिचे छप्पर आठवत असेल. करवतीच्या दात्यांसारखे, एका बाजूला उतरते पत्रे किंवा कौले आणि दुसऱ्या बाजूला उभी काच. ही काच उत्तरेकडे तोंड करून बसवीत. उत्तरेकडून वर्षातला बहुतेक काळ थेट ऊन येत नाही, नुसता उजेड येतो. त्यामुळे दिवसा दिव्याशिवाय मागावरचा धागा दिसे आणि आत उन्हाची झळही येत नसे.

गिरगावच्या चाळींची गॅलरी आणि खोताच्या वाडीतल्या घरांचे व्हरांडे यांचेही तेच. ऊन भिंतीवर पडण्याआधीच अडते, पाऊस खिडकीत शिरत नाही, आणि समोरासमोरच्या दारे-खिडक्यांतून वारा खेळतो. चाळीतली दाटी आणि गैरसोय कोणी विसरणार नाही, पण उन्हाला बाहेर थांबवण्याची अक्कल त्या बांधणीत होती.

बांधकामाला नियमही मुंबईत नवे नाहीत. १८९६ साली प्लेगची साथ आली आणि १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याच्या वसाहती त्यानेच आखल्या. खोलीत उजेड-वारा यावा म्हणून त्या ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरला होता. सोप्या भाषेत सांगायचे तर समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निदान निम्मी जागा मध्ये मोकळी हवी. तेव्हा प्रश्न आरोग्याचा होता. आज त्यात विजेची भर पडली आहे.

काच आली, एसी आला

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगावचे रूप पालटत गेले. विकास नियंत्रण नियमावलीतील गिरण्यांच्या जमिनीचा नियम १९९१ मध्ये आला आणि २००१ मध्ये बदलला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो बदल मान्य केला. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला, कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आल्या. आजूबाजूला काचेने मढवलेले मनोरे उभे राहिले.

काच दिसायला छान आणि लावायला झटपट. पण पश्चिमेच्या काचेवर दुपारनंतर काय होते ते पाहा. दहा फूट बाय दहा फुटांची साधी काच धरा. ढोबळ हिशेबाने भर उन्हात तिच्यातून चार किलोवॉटच्या वर उष्णता आत येते. एक टनाचा एसी खोलीतून साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे आधी उन्हाला आत घ्यायचे आणि मग तेच ऊन बाहेर फेकण्यासाठी टनाहून मोठा एसी चालवायचा. पाटाचे दार उघडे ठेवून रानातले पाणी मोटारीने उपसण्यासारखेच हे!

सरकारी संहिता काय सांगते?

यासाठी केंद्राने ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली केला. त्याखाली ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो ही संस्था स्थापन झाली. एसी-फ्रीजवरच्या तारांकित चिठ्ठ्या याच ब्युरोच्या. ब्युरोने २००७ मध्ये व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता काढली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. कायद्यात २०२२ ची दुरुस्ती झाली, ती १ जानेवारी २०२३ पासून अमलात आली. मग २०२४ च्या नव्या संहितेत विजेबरोबर पाणी, कचरा अशा बाबीही घेतल्या गेल्या. केंद्राने संहिता केली तरी ती लागू करणे राज्याच्या आणि नगरपालिकेच्या हाती असते. म्हणून आपल्या गावी कोणता नियम लागू आहे ते परवान्याच्या वेळीच विचारून घ्यावे.

ही संहिता कोणत्या इमारतींसाठी? विजेचा जोडलेला भार १०० किलोवॉट किंवा करार मागणी १२० के.व्ही.ए. असेल तिथून पुढे. १०० किलोवॉट म्हणजे पाच एच.पी.च्या सुमारे २७ मोटारी. चार गाळ्यांची इमारत त्यात येणार नाही, पण एसी हॉलचे मोठे मंगल कार्यालय किंवा बऱ्यापैकी इस्पितळ येऊ शकते. या मर्यादेखाली सक्ती नसली तरी शहाणपणाला मनाई नाही.

संहितेचा गाभा असा :

पहिले, हवामान. देशाचे पाच हवामान-विभाग केले आहेत. मुंबई उष्ण-दमट विभागात येते. काळ्या रानाची शिफारस माळरानाला चालत नाही, तसेच दिल्लीचा आराखडा मुंबईला आणि मुंबईचा आपल्याला जसाच्या तसा चालत नाही.

दुसरे, भिंत आणि काच. संहितेच्या सरळ मार्गाने जायचे तर बाहेरच्या भिंतींच्या क्षेत्रात काच ४० टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. काचही उन्हाची उष्णता अडवणारी हवी. २०१७ च्या संहितेप्रमाणे उष्ण-दमट भागात उत्तरेखेरीज इतर बाजूंच्या काचेतून साधारण पाव हिश्श्याइतकीच उष्णता आत यावी. उत्तरेच्या काचेला बरीच सवलत आहे. गिरणीच्या छपराचेच हे गणित! जास्त काच हवीच असेल तर संपूर्ण इमारतीचा हिशेब संगणकावर मांडून खप वाढत नाही हे दाखवावे लागते.

तिसरे, छप्पर. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री खाली तापवत राहतो. म्हणून स्लॅबवर उष्णतारोधक थर द्यावा आणि वरचा रंग पांढरा, ऊन परत फेकणारा असावा.

चौथे, यंत्रे. दिवे, पंखे, एसी, पाण्याचे पंप यांनी किती वीज खावी याच्याही मर्यादा घातल्या आहेत.

२०१७ च्या संहितेत तीन पायऱ्या आहेत. साध्या इमारतीच्या तुलनेत पहिल्या पायरीला निदान २५ टक्के, दुसरीला ३५ आणि तिसरीला ५० टक्के वीज वाचावी अशी अपेक्षा आहे. ‘गृहा’, ‘लीड’ अशी मानांकनेही ऐकू येतात. ती स्वखुशीची असतात. संहिता हा किमान नियम आहे, मानांकन हे बक्षीस.

वीज कोणाच्या रानातून जाते?

कोणी म्हणेल, "बिल ज्याचे तो भरील, आम्हाला काय?" गिरणगावाला वीज कुठून आली ते आठवा. खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि गिरण्या कोळशाच्या वाफेवरून विजेवर येऊ लागल्या. पुढे मुळशीला धरण घालायचे ठरले. आपली भातखाचरे पाण्याखाली जाणार म्हणून १९२१ मध्ये मावळे शेतकरी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहाला उभे राहिले. तरीही धरण झाले आणि त्या पाण्यावर भिरा केंद्र १९२७ मध्ये चालू झाले.

शहरातल्या विजेमागे कुठे तरी कोणाची तरी जमीन, कोणाचे तरी पाणी असते. आज साखर कारखान्यांच्या बगॅसवरची वीजही राज्याच्या जाळ्यात जाते. रात्रीच्या पाळीला बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला जाणाऱ्याला युनिटची किंमत वेगळी सांगायला नको. ते युनिट उगाच तापलेल्या काचेमागे जाळले जाणे हे कोणाच्याच हिताचे नाही.

बांधण्यापूर्वी विचारा

उसाची लागण चुकली तर खोडवाही हलका येतो, पण दोन-तीन वर्षांत रान मोडून पुन्हा सरी सोडता येते. इमारतीची लागण एकदाच होते, आणि तिचा खोडवा पन्नास वर्षे चालतो. तोंड पश्चिमेला केले आणि काच लावली, की पुढच्या प्रत्येक उन्हाळ्यात बिल येतच राहते. म्हणून नकाशावर सही करण्यापूर्वी आर्किटेक्टला हे विचारा :

१. इमारतीची लांब बाजू उत्तर-दक्षिण तोंडाची होईल का? पश्चिमेला जिने, संडास, साठवण ठेवता येईल का?

२. प्रत्येक बाजूला काच किती? खिडकीवर पुरेसा छज्जा किंवा व्हरांडा आहे का?

३. स्लॅबवर उष्णतारोधक थर आणि पांढरा लेप खर्चात धरला आहे का?

४. समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या आहेत का? वीज गेली तर हॉलमध्ये बसता येईल का?

५. छपरावर सौर तावदानांसाठी सावली न पडणारी जागा राखली आहे का?

६. एसी किती टनांचा, आणि तो आकडा कोणत्या हिशेबाने काढला?

यातील बहुतेक गोष्टी कागदावर असताना फुकट किंवा थोड्या खर्चात होतात. इमारत उभी राहिल्यावर त्याच गोष्टींना भिंत फोडावी लागते. ज्यांची इमारत झालेली आहे त्यांनी निदान छपराला पांढरा लेप द्यावा, पश्चिमेच्या काचेला बाहेरून आडोसा करावा आणि एसी २४ अंशांवर ठेवावा. एका अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ब्युरो सांगते. १ जानेवारी २०२० पासून नव्या तारांकित एसींचा आरंभीचा आकडा २४ असावा असा नियमच झाला आहे.

काच वाईट नव्हे आणि एसीही वाईट नव्हे. ते कुठे, किती आणि कोणत्या तोंडाला, एवढाच प्रश्न आहे. आपण बेणे निवडताना डोळा पाहतो, कांडे मोजतो, शेजाऱ्याचे रान पाहून येतो. तेवढीच चौकशी इमारतीची करावी, ही सर्व सभासदांना विनंती.

— ऊस विकास अधिकारी