मोटारीचे पांघरूण: थेंब अडवा, वाफ सोडा

गॅरेज नसले की पावसाळ्यात मोटारीवर प्लास्टिक टाकावे, असे आपल्याला सहज वाटते. आत थेंबही जात नाही. तरी पत्रा गंजतो. असे का?

लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. खालच्या ओल्या जमिनीतून निघणारी वाफ प्लास्टिकखाली कोंडते. रात्री प्लास्टिक थंड झाले की तिचे आतल्या बाजूस थेंब होतात व पत्र्यावर उतरतात. रंगावर चरा असेल तेथे गंज धरतो. कोकणपट्टीत हवेतील मीठ त्याला आणखी वेग देते.

म्हणून पांघरूण सूक्ष्म छिद्रांचे हवे. पावसाचा थेंब साधारण १-२ मिलिमीटरचा. पाण्याचा रेणू मिलिमीटरच्या सुमारे तीस लाखाव्या भागाएवढा. अशा जलरोधी कापडावर पृष्ठताणामुळे थेंब अडतो, वाफ मात्र निसटते.

वर्गात हे करून पाहा: दोन पेल्यांत थोडे कोमट पाणी घ्या. एकावर प्लास्टिक, दुसऱ्यावर पातळ सुती रुमाल बांधा. अर्ध्या तासाने थेंब कोठे लोंबताना दिसतात?

पांघरूण घालण्यापूर्वी धूळ मात्र धुवावी. वाऱ्याने कापड हलले की तीच रंगावर चरे पाडते. आणि उघडीप मिळताच पांघरूण काढून गाडीला ऊन दाखवावे, असे आम्ही सुचवू.