मागून धक्का बसला तर

एकादशीला नरसी नामदेवला दर्शनाला येणाऱ्या गाड्यांची ही गर्दी! पुढच्यानं एकाएकी ब्रेक दाबला की मागची गाडी येऊन आदळते. मग हमरीतुमरी, आणि लगेच ‘चला मिस्त्रीकडे!’ इथंच चुकतं बघा.

आधी कुणाला लागलं का ते पाहावं. मग दोन्ही गाड्यांचे फोटो काढावेत, मागच्या गाडीचा नंबर टिपावा, विमा कंपनीला लगेच कळवावं. कंपनीचा सर्व्हेअर येण्याआधीच पत्रा ठोकून घेतला, तर नुकसान दाखवणार कसं?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं सक्तीचा केला तो ‘थर्ड पार्टी’ विमा. त्यात आपल्या गाडीची दुरुस्ती येत नाही. त्यासाठी सर्वंकष विमा हवा. तो नसेल आणि चूक मागच्याची असेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात त्याच्या विम्यातून भरपाई मागता येते. वाट लांबची, पण आहे. मात्र आपलेच ब्रेकचे दिवे बंद असले तर गोष्ट वेगळी!

सर्वंकष विम्याच्या साध्या पॉलिसीतही प्लॅस्टिकच्या बंपरची निम्मीच किंमत धरतात; काचेला घट नाही. म्हणून मिस्त्रीकडून एकेका भागाचा खर्च वेगळा लिहून घ्यावा. पोचा किरकोळ असेल तर पदरचे पैसे घालावेत. पहिलं वर्ष दाव्याविना गेलं, की आपल्या गाडीच्या नुकसानीपोटी भरायच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. दावा केला की ती गेली.