युगांडाचा ०-५ आणि 'फ्लोअर इफेक्ट'

२०२४ च्या एप्रिलअखेर चीनमधल्या चंगडू शहरात उबर कप सुरू झाला. महिलांच्या बॅडमिंटनमधली ही सर्वांत मोठी सांघिक स्पर्धा. युगांडाच्या मुली त्यात पहिल्यांदाच उतरल्या होत्या. गटात समोर जपान, इंडोनेशिया आणि हाँगकाँग. तिन्ही लढतींचा निकाल एकच लागला: ०-५.

बहुतेक लोक इथे म्हणतात, "संघ कच्चा आहे", आणि पुढे जातात. पण संशोधनाच्या तयारीला लागला असाल तर आधी हे विचारा की हा आकडा नक्की काय मोजतोय?

एका लढतीत पाच सामने असतात, तीन एकेरी आणि दोन दुहेरी. म्हणजे संघाचा स्कोअर ० ते ५ यांपैकीच काहीतरी असणार. आपल्या मोजपट्टीवर फक्त सहा रेघा आहेत. आता पाचवीच्या वर्गाला एमएस्सीचा क्वांटम मेकॅनिक्सचा पेपर द्या. सगळ्यांना शून्य! त्यावरून वर्गात हुशार कोण हे कळेल का? वर्षभर शिकवून पुन्हा तोच पेपर दिलात तरी शून्यच येणार, आणि तुम्ही लिहिणार 'प्रगती नाही'. मोजमाप तळाला टेकलं की खालचे फरक दिसेनासे होतात. याला फ्लोअर इफेक्ट म्हणतात.

मग करायचं काय? एक पायरी खाली उतरायचं. समजा एक खेळाडू २१-४, २१-६ अशी हरली आणि दुसरी २१-१७, २१-१८ अशी. लढतीच्या स्कोअरमध्ये दोघींची नोंद शून्यच होते, पण गुणांच्या पातळीवर खूप मोठा फरक आहे. एकच निकाल, पण माहिती कितीतरी जास्त. (डेटा गोळा करताना शक्य तितकी बारीक नोंद ठेवा असं गाईड सतत का सांगतात ते इथे कळतं. बारीक नोंदीतून बेरीज कधीही करता येते, बेरजेतून बारीक नोंद परत मिळत नाही.)

अर्थात गुण मोजले म्हणजे काम झालं असं नाही. दुबळ्या संघासमोर मोठे संघ मुख्य खेळाडूंना विश्रांती देऊ शकतात. त्यामुळे २१-१७ हा स्कोअर कोणाविरुद्ध आला हे पाहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही. अजून एक गंमत बघा. गटात पाचही सामने खेळवतात, पण बाद फेरीत तीन सामने जिंकले की लढत संपते. तिथला ३-० म्हणजे अर्धवट राहिलेली नोंद, सांख्यिकीच्या भाषेत 'सेन्सॉर्ड'. गटातला ५-० आणि बाद फेरीतला ३-० एकाच रकान्यात टाकलात तर गडबड झालीच.

मग कुणी म्हणेल, जागतिक क्रमवारी वापरू. वापरा, पण ती कशी बनते ते बघून. खेळाडूच्या गेल्या ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम दहा निकालांचे गुण धरले जातात आणि मोठ्या स्पर्धेला जास्त गुण असतात. २०२४ मध्ये वर्ल्ड टूरची एकही स्पर्धा आफ्रिकेत नव्हती. म्हणजे क्रमवारीत कौशल्याबरोबर विमानाचं तिकीट आणि व्हिसाही मोजला जातो. घरच्या छोट्या स्पर्धेतले गुणसुद्धा सहज मिळत नाहीत, कारण तिथे बाहेरचे खेळाडू येतात. आपल्या नागपूरच्या मालविका बनसोडने २०२१ ची युगांडा इंटरनॅशनल जिंकली, ती अंतिम फेरीत दुसऱ्या भारतीय खेळाडूलाच हरवून.

आणि हा डेटा आपल्या हातात आला तरी कसा? युगांडाने फेब्रुवारी २०२४ मध्ये कैरोला आफ्रिकेची महिला सांघिक स्पर्धा जिंकली आणि खंडाच्या विजेत्या म्हणून त्या चंगडूला गेल्या. फक्त क्रमवारी बघून १६ संघ निवडले असते तर त्या तिथे नसत्या आणि आपल्या तक्त्यात ती ओळच नसती. नमुना कसा निवडला गेला हे म्हणूनच आधी लिहायचं असतं.

हा सगळा प्रकार केवळ अभ्यासापुरता नाही. समजा एखाद्या संघटनेने प्रशिक्षणाचा निधी 'उबर कपमधल्या कामगिरीवर' द्यायचं ठरवलं. संघ चार वर्षांत खरोखर सुधारला, प्रत्येक गेममध्ये सहा-सात गुण जास्त घेऊ लागला, तरी अहवालात ०-५ च येणार आणि निधी थांबणार. चुकीचं मोजमाप निवडणारा खुर्चीत बसून राहतो, त्याची किंमत कोर्टवरच्या मुली मोजतात.

कुणाला यावर छोटा प्रकल्प करायचा असेल तर चंगडूपासून सुरुवात करू नका. आधी आफ्रिकेतल्या सांघिक स्पर्धांचे निकाल घ्या. तिथे युगांडा जिंकतेही आणि हरतेही, म्हणजे पट्टीवरच्या सगळ्या रेघा कामाला येतात. प्रत्येक सामन्याची एक ओळ करा: तारीख, फेरी, दोन्ही बाजूंचे खेळाडू, त्या आठवड्यातली त्यांची क्रमवारी, गेमनिहाय गुण. चंगडूचे १५ सामने त्याच तक्त्यात शेवटी जोडा.