तीन यानं गेली, तरी स्थानकात कुणी उपाशी राहिलं नाही

पृथ्वीपासून साधारण ४०० किलोमीटर उंचीवर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक फिरतं. तिथे माणसं राहतात, म्हणजे जेवण आलं, पाणी आलं, ऑक्सिजन आला. पाण्याचा बराचसा भाग तिथेच शुद्ध करून पुन्हा वापरतात, अगदी लघवीचंही पाणी करतात. पण अन्न, कपडे आणि यंत्रांचे सुटे भाग खालूनच पाठवावे लागतात. ते नेतात मालवाहू यानं. त्यांत माणूस नसतो.

आता हे सामान वेळेवर पोहोचलंच नाही तर? २०१४-१५ मध्ये नेमकं तेच झालं.

२८ ऑक्टोबर २०१४ ला अमेरिकेत सिग्नस यान घेऊन निघालेलं अँटारेस रॉकेट काही सेकंदांतच फुटलं. दुसऱ्याच दिवशी रशियाचं प्रोग्रेस यान स्थानकाला जोडलं गेलं, त्यामुळे फारशी काळजी वाटली नाही. मात्र २८ एप्रिल २०१५ ला निघालेलं प्रोग्रेस रॉकेटपासून वेगळं होतानाच भरकटलं आणि गरगर फिरू लागलं. जमिनीवरून त्यावर ताबा मिळेना. ८ मे रोजी ते मालासकट वातावरणात जळून गेलं. मग २८ जूनला स्पेसएक्सचं ड्रॅगन. उड्डाणानंतर सव्वादोन मिनिटांच्या सुमारास रॉकेट फुटलं. टाकीच्या आतला एक आधाराचा दांडा तुटल्याचं कंपनीने नंतर सांगितलं.

आठ महिन्यांत तीन यानं गेली, आणि तीनही वेगवेगळ्या बनावटीची! तेव्हा स्थानकात तिघेच होते: गेनादी पदाल्का, मिखाईल कोर्निएन्को आणि स्कॉट केली. पुढची तुकडी मे महिन्यात जायची होती, ती आधीच्या अपघातामुळे थांबवली होती.

तरीही घाबरगुंडी उडाली नाही. कारण साधं आहे. पावसाळ्याआधी घरात धान्य भरून ठेवतात ना, तसा स्थानकात काही महिन्यांचा साठा कायम असतो. नवीन काही आलं नसतं तरी ऑक्टोबरपर्यंत भागलं असतं. शिवाय सामान आणणारे एकच नाहीत. तेव्हा रशिया, अमेरिकेतल्या दोन कंपन्या आणि जपान, सगळ्यांची यानं वेगळी होती, रॉकेटं वेगळी होती. एकाचं बिघडलं की दुसऱ्यावर भिस्त. आम्हाला यातली खरी हुशारी हीच वाटते. एकाच कंत्राटदाराला सगळं काम दिलं असतं तर खर्च कदाचित वाचला असता, पण त्या जूनमध्ये स्थानक रिकामं करायची वेळ आली असती.

३ जुलैला कझाकस्तानातल्या बैकोनूरहून पुढचं प्रोग्रेस सुटलं. सहा तासांचा जवळचा मार्ग त्या वेळी घेतला नाही, सावकाश दोन दिवस लावून ते ५ जुलैला पोहोचलं. जोडणी यान स्वतःच करतं, रडारच्या मदतीने. आत सुमारे अडीच टन माल होता: अन्न, पाणी, ऑक्सिजन आणि इंधन. इंधन नळ्यांतून थेट स्थानकाच्या टाक्यांत जातं. वरच्या विरळ हवेमुळे स्थानक हळूहळू खाली सरकतं, तेव्हा प्रोग्रेसच आपलं इंजिन चालवून त्याला वर ढकलतं. म्हणजे हा नुसता टेम्पो नव्हे, गरज पडली तर ढकलगाडीही.

ऑगस्टमध्ये जपानचं कोउनोतोरी आलं. त्यात पाणी शुद्ध करायच्या यंत्रणेचे भागही होते.

जुलैत आलेलं प्रोग्रेस डिसेंबरपर्यंत स्थानकालाच चिकटून होतं. रिकामं होत गेलं तसा त्यात कचरा भरत गेले. परत जमिनीवर उतरायची सोय या यानात नसते. १९ डिसेंबरला ते सुटं केलं आणि कचऱ्यासकट पॅसिफिक महासागरावर जाळून टाकलं.