सत्तेचाळीसच्या घरातून पुढे

सापशिडीत सोंगटी सत्तेचाळीसवर आहे आणि फाशावर चार पडले. बहुतेक घरांत मूल ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणत सोंगटी पुढं नेतं आणि एक्कावन्नवर ठेवतं. तेच मूल ‘अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास, एक्कावन्न’ असं मोठ्यानं म्हणत गेलं तर? पट तोच, फासा तोच, वेळही तेवढाच. पण पहिल्या मुलानं चारपर्यंत मोजण्याचा सराव केला, आणि तो त्याला आधीच येत होता. दुसऱ्यानं चाळिशीतून पन्नाशीत पाऊल टाकलं.

हा केवळ माझा समज नाही. अमेरिकेत रॉबर्ट सिगलर आणि गीता रमाणी यांनी २००८ साली गरीब वस्तीतल्या बालवाडीच्या मुलांबरोबर एक अगदी साधा खेळ खेळून पाहिला. एका ओळीत दहा घरं, त्यांवर एक ते दहा आकडे आणि चकती फिरवली की एक किंवा दोन पडणार. दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठका, बस्स. तेवढ्यात त्या मुलांची आकड्यांची समज चांगलीच वाढली. दुसऱ्या गटाला तशाच पटावर आकड्यांऐवजी नुसते रंग दिले होते, त्यांच्यात फरक पडला नाही. पुढं २०१४ मध्ये एलिडा लास्की आणि सिगलर यांनी शंभरपर्यंतच्या पटावर मोजण्याच्या या दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. घरावरचा आकडा वाचत पुढं जाणारी मुलं शिकली. दर वेळी एकपासून मोजणाऱ्यांना फारसा उपयोग झाला नाही.

मी कोल्हापुरात माध्यमिक शाळेत गणित शिकवते. आठवीत येऊनही सत्तेचाळीस सांगितले की चौऱ्याहत्तर लिहिणारी मुलं दरवर्षी वर्गात असतात. ती मठ्ठ नसतात. आपण लिहिताना आधी चार लिहितो आणि बोलताना आधी सात म्हणतो, हे कोडं त्यांना कुणी नीट सोडवून दिलेलं नसतं. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस ही मंडळी तर पुढच्या दशकाच्या नावानं ओळखली जातात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘चाळीस सात’ अशा वाचनाची जोड दिली गेली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! विषय विधानसभेपर्यंत गेला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की मुलांना संख्या समजायला सोपी जावी एवढाच हेतू आहे. मला त्यांचं म्हणणं तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. आमच्या घरी सापशिडी खेळताना दोन्ही नावं घ्यायची पद्धत आहे. सोंगटी थांबली की म्हणायचं, ‘पन्नास एक, एक्कावन्न.’ पहिलीतल्या पुतण्याच्या तोंडात ते आता इतकं बसलंय की कुणी एकच नाव घेतलं तर तो आठवण करून देतो.

बाजारातल्या सापशिडीत मात्र एक अडचण आहे. तिच्या ओळी नागमोडी जातात. पहिली डावीकडून उजवीकडे, दुसरी उजवीकडून डावीकडे. त्यामुळं चारच्या डोक्यावर सतरा येतात. खेळाला ते ठीक, पण मुलाला दहा-दहाची चढण दिसत नाही. म्हणून साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मी घरीच पट आखला, सगळ्या ओळी डावीकडूनच सुरू होणाऱ्या. आता चारवर चौदा, चौदावर चोवीस, चोवीसवर चौतीस. सरळ वर जाणाऱ्या शिड्या दहानं, वीसनं किंवा तीसनं नेतात, सापही तसेच खाली आणतात. ‘चौसष्टवरनं साप चावला, तीन ओळी खाली, मग कुठं?’ पुतण्या पटाकडं न बघता चौतीस म्हणाला त्या दिवशी त्याला वजाबाकी शिकवावी लागली नाही. साप आणि शिड्या त्यानं स्वतः रंगवल्यात. एका सापाला त्यानं मिशा काढल्यात आणि तो साप त्याला सगळ्यात जास्त भिववतो.

हा खेळ मुळात शिकवण्यासाठीच होता. आपल्याकडच्या मोक्षपटात पहिलं घर जन्माचं आणि शेवटचं मोक्षाचं. परंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वर माउलींना देते. तिथं नीती शिकवायची होती, इथं दशक-एकक.

पत्त्यांकडं वळायच्या आधी एका आक्षेपाबद्दल बोलायला हवं, कारण तो आमच्याही घरात होता. पत्ते म्हणजे जुगार. गावाकडं पारावर तीन पत्तीचे डाव बसतात, त्यात कुणाकुणाचा ऊस बिलाआधीच संपतो, हे माझ्या सासऱ्यांनी पाहिलेलं. त्यांचा राग खोटा नाही. पण दहावीच्या गणितात संभाव्यतेच्या प्रकरणात बावन्न पत्त्यांवर उदाहरणं असतात. ज्यांच्या घरी पत्त्यांना बंदी, ती मुलं ‘चित्रयुक्त पत्ते बारा, लाल पत्ते सव्वीस’ हे सनावळीसारखं पाठ करतात. ज्यानं मेंढीकोट खेळलंय त्याला ते पाठ करावं लागत नाही. आमच्या घरी पैसे लावायचे नाहीत, हिशेब चिंचोक्यांत, एवढा नियम झाला आणि सासऱ्यांनी हरकत मागं घेतली.

सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी मला सर्वांत आवडणारा खेळ म्हणजे गुलामचोराचं आमचं रूप. गठ्ठ्यातून राजा, राणी, गुलाम आणि दश्श्या काढून टाकायच्या. एक्क्यापासून नव्वीपर्यंतची छत्तीस पानं राहतात. त्यातलं एक पान कुणालाही न दाखवता उशीखाली ठेवायचं. बाकीची वाटायची. सारख्या पानांची जोडी लावायची नाही, दहाची लावायची. तिर्रीला सत्ती, चव्वीला छक्की, दुर्रीला अठ्ठी, एक्क्याला नव्वी, पंजीला पंजी. जोड्या टाकून झाल्या की शेजाऱ्याच्या हातातलं एक पान ओढायचं. शेवटी एकाच्या हातात एक पान अडकतं, तो चोर.

खरी मजा इथून पुढं आहे. शेवटी हातात तिर्री राहिली असेल तर उशीखाली काय आहे? माझ्या मुलीनं पहिल्यांदा हा प्रश्न ऐकला तेव्हा ती उशीकडं धावली. तिला थांबवलं. ती बसली, पडलेल्या जोड्या पसरल्या, तिर्री-सत्ती, तिर्री-सत्ती, तिर्री-सत्ती असं बोट फिरवत गेली आणि एकदम ओरडली, ‘सत्ती! एक सत्ती कमी हाय!’ मग उशी उचलली. दहाच्या जोड्यांची शंभर उदाहरणं वहीत सोडवूनही हा आनंद मिळाला नसता. आणि ज्याला आकडे जोडता येतात त्याला पुढं ‘आठ अधिक सात’ करताना सातातले दोन आठला देऊन दहा करायला वेळ लागत नाही.

मुलगी पाचवीत गेली तसा पाच-तीन-दोन सुरू झाला. तिघांचा डाव. अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत सगळी पानं आणि बदाम व इस्पिकच्या दोन सत्त्या मिळून तीस. प्रत्येकाला दहा. वाटणाऱ्यानं दोन हात करायचे, त्याच्या पुढच्यानं पहिली पाच पानं बघून हुकूम बोलायचा आणि पाच हात करायचे, तिसऱ्यानं तीन. एकूण हात दहाच, म्हणून एकाचे वाढले की दुसऱ्या कुणाचे तरी घटतात. ज्याचे वाढले तो पुढच्या डावात घटलेल्याकडून पानं ओढतो. हा हिशेब लक्षात ठेवायचा म्हणजे अधिक आणि उणे यांचा हिशेब ठेवायचा. तिघांची बेरीज दर डावाला शून्य आलीच पाहिजे, नाहीतर कुणीतरी चुकीचं मोजलंय. वर्गात ‘उणे दोन’ म्हणजे काय हे समजावताना संख्यारेषा काढावी लागते, थर्मामीटर काढावा लागतो. घरात ‘माझे दोन तुझ्याकडं आहेत’ एवढ्यावर भागतं.

या खेळाची खरी परीक्षा ऑगस्ट २०१९ च्या महापुरात झाली. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. त्या वेळी ती ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद, वीज नाही, शाळा नाही. नदीकाठच्या भागातले आमचे नातेवाईक मुलाबाळांसकट घरी आले होते. मोठी माणसं दर तासाला पाणी किती फुटांवर आलं हे विचारत होती, मुलं भेदरलेली. मेणबत्तीच्या उजेडात दोन गठ्ठे निघाले. एका कोपऱ्यात बदाम सात, दुसऱ्यात पाच-तीन-दोन. हिशेबाची वही मुलांनीच धरली. त्याच वहीच्या पाठीमागं त्यांनी पाण्याचे आकडेही लिहायला सुरुवात केली. आज किती, काल किती, धोक्याच्या वर किती. भीती गेली असं मी म्हणणार नाही. पण हातात पानं आणि समोर माणसं असली की मुलांना बसता येत होतं.

सासूबाई निपाणीकडच्या. त्यांच्या माहेरी चौकाबारा घरोघरी. जमिनीवर खडूनं पंचवीस घरं, मधल्या आणि कडेच्या मधोमधच्या घरांत फुल्या, चार कवड्या. जितक्या कवड्या उताण्या तितकं दान, चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या तर आठ. कवड्या अंबाबाईच्या देवळाजवळ पूजासाहित्याच्या दुकानांत मिळतात. मुलं सारखी आठाची वाट बघत बसायची, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘दोनच पडत्यात गं सारखं. तिला सांग, आठाच्या आशेवर बसू नको म्हणावं.’ सासूबाई चौथीपर्यंत शिकल्यात, आणि ही संभाव्यताच आहे. मी मुलीला चार नाणी दिली आणि छापा-काट्याच्या सगळ्या तऱ्हा लिहायला लावल्या. सोळा निघाल्या. एक छापा चार तऱ्हांनी, दोन छापे सहा तऱ्हांनी, तीन चार तऱ्हांनी, चारही छापे किंवा एकही नाही हे प्रत्येकी एकाच तऱ्हेनं. कवडी काही नाण्यासारखी समतोल नसते, तिच्या आकारामुळं ती एका बाजूला झुकते. म्हणून मग मुलांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर प्रत्येक दानाची रेघ मारायला घेतली. आता कुठली सोंगटी फुलीत ठेवायची आणि कुठली उघड्यावर सोडायची, हे ती रेघा बघून ठरवतात.

कोल्हापुरात राहून लीलाताई पाटलांचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ना. सी. फडक्यांच्या या कन्येनं १९८५ मध्ये इथं सृजन आनंद विद्यालय काढलं आणि मूल हातानं, अनुभवानं शिकतं हे मराठी शाळेत करून दाखवलं. त्याआधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शंख-शिंपले, बिया, खडे यांतून साधनं उभी केली होती. सरकारनं २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ आणला, त्यातही खेळणी आणि कोडी आहेत. चांगलंच आहे. पण माझं मत असं की महागड्या ‘शैक्षणिक’ खोक्यांची घरात गरज नाही. जो खेळ स्वतःच बेरीज करून दाखवतो, तो मुलाच्या वाटचं काम हिरावून घेतो. ‘नवा व्यापार’ खेळताना बँक मुलाकडं द्या. त्याला सुट्टे परत देऊ द्या, वेळ लागला तरी थांबा.

आपल्या भागातला पत्त्यांचा सर्वांत देखणा प्रकार आंबोली घाट उतरला की सावंतवाडीच्या राजवाड्यात बघायला मिळतो. गंजिफा. गोल, हातानं रंगवलेली, लाखेनं चमकवलेली पानं. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ही मावळती कला पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, अशी १२० पानं. तिघांना चाळीस-चाळीस. दिवसा खेळलात तर रामाचा राजा असलेल्यानं सुरुवात करायची, रात्री कृष्णाच्या. निम्म्या रंगांत दहा मोठा आणि एक लहान, उरलेल्या निम्म्यांत नेमकं उलटं. मुलीला तिथं घेऊन गेले तेव्हा ती या उलट्या क्रमाशी बराच वेळ झगडली. ‘मग मोठं कुठलं?’ ‘नियम सांगेल ते.’ आणि कुठली पानं पडून गेली हे लक्षात ठेवल्याशिवाय गंजिफा खेळताच येत नाही. १२० पानांत लक्ष ठेवणं ही मोठ्यांचीही कसोटी आहे.

हरण्याबद्दल पालक नेहमी विचारतात. लहान मुलाबरोबर मुद्दाम हरू नये, त्याला कळतं आणि त्याचा खेळावरचा विश्वास उडतो. सहा-सात वर्षांपर्यंत दैवाचा भाग मोठा असलेले खेळ निवडावेत, तिथं आजी आणि नातू सारख्याच वेळा जिंकतात. बुद्धिबळात उघडपणे आपला वजीर काढून ठेवावा आणि मूल जिंकू लागलं की वजिराऐवजी हत्ती, मग घोडा. त्याला आपली प्रगती मोजता येते. आणि खेळताना ‘चुकलास’ म्हणायची घाई नको. ‘हे पान का टाकलंस?’ एवढं विचारावं आणि उत्तर पूर्ण ऐकावं. कितीदा तरी त्याच्या डोक्यात आपल्याला न सुचलेला डाव असतो.

घरातल्या गठ्ठ्यातलं एखादं पान हरवतंच. गठ्ठा टाकून देऊ नका. कुठलं हरवलं ते मुलांना शोधू द्या. आधी चार रंग वेगळे, मग प्रत्येक रंग क्रमानं, बारा पानांचा रंग कुठला ते बघायचं. हरवलेलं पान एक्का ते नव्वीमधलं निघालं, तर दहाच्या जोड्यांच्या डावात उशीखाली काही ठेवायची गरजच उरत नाही.