मजुरांच्या चुलीवरून जगाच्या ताटात

पेरू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फळ येते. पण पेरू हा दक्षिण अमेरिकेतला एक देशही आहे. आपल्या घराघरांत शिजणारा बटाटा मूळचा त्याच डोंगराळ मुलखातला. या देशाची राजधानी लिमा. तेथील ‘माइदो’ या हॉटेलाला २०२५ साली जगातील सर्वोत्तम पन्नास हॉटेलांच्या यादीत पहिला क्रमांक मिळाला. ते २००९ साली सुरू करणारे मित्सुहारू त्सुमुरा हे लिमातच जन्मलेले, जपानी वंशाचे आचारी. गिऱ्हाईक आत आले की आचारी-वाढपी सारे एका सुरात ‘माइदो!’ म्हणून त्याचे स्वागत करतात.

तिथल्या एका जेवणाचा खर्च कष्टकरी कुटुंबाच्या आवाक्यातला नाही. आम्हीही तिथे जेवायला जाण्याची शक्यता नाही. तरीही वाचकहो, त्या ताटाची हकिकत आपण ऐकावी असे आम्हांला वाटते. कारण ते अन्न मजुरांच्या चुलीवर जन्मले आहे.

चार वर्षांचा करार

१८९९ साली ‘साकुरा मारू’ नावाचे जहाज जपानच्या योकोहामा बंदरातून निघाले. त्यात ७९० पुरुष होते. एप्रिल महिन्यात ते लिमाजवळच्या कायाओ बंदराला लागले. चार वर्षांच्या करारावर उसाच्या मळ्यांत राबायचे, चार पैसे गाठीला बांधायचे आणि गावी परतायचे, असा त्यांचा बेत. पण मळ्यावर हिवतापाने माणसे पटापट मेली. मजुरीवरून तंटे झाले. कित्येक जण करार अर्धवट सोडून पळाले. तरीही १९२३ पर्यंत अशी सुमारे अठरा हजार माणसे करारावर आली.

मळ्यातून सुटलेल्यांनी शहर गाठले. कुणी न्हाव्याचे दुकान टाकले, कुणी किराणा मांडला, कुणी खाणावळ काढली. खाणावळीत गिऱ्हाईक पेरूचे, म्हणून पदार्थही पेरूचे. पण हात जपानी होता!

ताटात काय असते?

पेरूचा लाडका पदार्थ म्हणजे सेविचे. कच्च्या माशाचे तुकडे लिंबाचा रस, मीठ, कांदा आणि मिरची यांत घालतात. चूल पेटवावी लागत नाही. लिंबाच्या आंबटपणाने मासा पांढरा आणि घट्ट होतो. सोबत उकडलेले रताळे आणि मक्याचे दाणे. पूर्वी हा मासा तासन्‌तास मुरवत. जपानी माणसाला ताज्या कच्च्या माशाची गोडी. त्याने हा वेळ काही मिनिटांवर आणला, असे पेरूचे लोकच सांगतात. २०२३ साली युनेस्कोने सेविचेची परंपरा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंदवली.

दुसरा पदार्थ तिरादितो. यात मासा जपानी पद्धतीने पातळ कापतात, कांदा घालत नाहीत आणि अगदी वाढताना वर पिवळ्या मिरचीचा आंबट-तिखट रस ओततात. तिसरा पदार्थ ऑक्टोपसचा. या प्राण्याला तिथे पूर्वी फारसे कुणी विचारत नसे. कायाओच्या रोसिता यिमुरा या जपानी वंशाच्या बाईंनी त्याचे पातळ काप करून काळ्या ऑलिव्हच्या दाट रसात वाढले. आज तो लिमातल्या हॉटेलांत मानाने मागवला जातो.

आमच्या भगिनींना एक सूचना. लिंबाने मासा शिजल्यासारखा दिसला तरी आचेने मरतात तसे त्यातले जंतू मरत नाहीत. बाजारातल्या माशावर हा प्रयोग घरी करू नये. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांना तर तो मुळीच देऊ नये.

चव आधी, माणूस मागून

या खाणावळी चालू लागल्या, तसा शेजाऱ्यांचा मत्सरही वाढला. १३ मे १९४० रोजी लिमात जमावाने जपान्यांची शेकडो दुकाने आणि घरे लुटली. पुढे महायुद्धाच्या काळात पेरूच्या सरकारने जपानी वंशाची सुमारे अठराशे माणसे पकडून अमेरिकेच्या हवाली केली. बायकामुलांसह ती टेक्सासच्या क्रिस्टल सिटीसारख्या छावण्यांत काटेरी तारांमागे राहिली. त्यांचा गुन्हा काय, तर वंश! युद्ध संपल्यावर पेरूने त्यांना परत घ्यायला नकार दिला. शंभर माणसेही परतू शकली नाहीत.

जी मागे राहिली होती, त्यांनी पुन्हा चुली पेटवल्या. मात्सुहिसा हे जपानी आचारी १९७३ साली लिमात आले, तिथली मिरची-कोथिंबीर त्यांच्या हाताला लागली आणि पुढे त्यांनी ती चव अमेरिकेत नेली. परदेशी स्थायिक झालेल्या जपानी वंशाच्या माणसाला ‘निक्केइ’ म्हणतात. आज या जेवणाचेही तेच नाव आहे. ज्या नावाने माणसे पकडून नेली, त्याच नावाचे जेवण जेवायला आता दूरदेशीचे लोक लिमाला येतात.

गाजलेल्या आचाऱ्यांची नावे जगाला ठाऊक झाली. पण मळ्यातून पळून येऊन पहिली खाणावळ टाकणारा, तिथे कांदा चिरणारा, भांडी घासणारा कोण होता, हे फारसे कुणी लिहून ठेवले नाही. आपल्याही घरातली जुनी माणसे काय शिजवत होती, काय नसताना कशावर भागवत होती, हे मुलांनी आजच त्यांच्याजवळ बसून विचारावे आणि वहीत उतरवून ठेवावे.