जुन्या नौकेची केबिन

सन 1817 मध्ये मुंबईच्या गोदीत सागवानाची बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर आहे. सागवानात नैसर्गिक तेल असल्यामुळे ते सहजी कुजत नाही. परंतु लहान नौकेच्या केबिनमधील बाक, कप्पे व तक्ते नेहमीच सागवानी नसतात. त्यांची काळजी घ्यावी लागते.

नवल असे, की या लाकडाला समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाच्या गोड्या पाण्याचा धोका अधिक असतो. लाकूड कुजवणारी बुरशी मिठात फारशी वाढत नाही. कोकणातील पावसाचे पाणी मात्र छताच्या फटींतून झिरपते, बंद केबिनमध्ये मुरते आणि रोगणाखालचे लाकूड भुसभुशीत करते.

म्हणून दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा ठरतो. प्रथम गळती शोधून बंद करावी. नंतर बाक व कप्पे क्रमांक घालून सुटे करावेत. प्रत्येक भाग टोच्याने तपासावा. टोक सहज रुतल्यास कुजका भाग कापून तेथे नवे लाकूड जोडावे. ओलावा साधारणतः 20 टक्क्यांखाली गेला, की बुरशीची वाढ थांबते. यासाठी सर्व भाग सावलीत, वाऱ्यावर पुरते वाळवावेत. लोखंडी स्क्रू गंजतात, म्हणून कांस्याचे वापरावेत. कप्प्यांच्या दारांना हवेसाठी छिद्रे ठेवावीत.

रोगण सर्वांत शेवटी द्यावे. ओल्या लाकडावर चढवलेली चकाकी ओल आतच कोंडते आणि खर्च व श्रम दोन्ही वाया जातात.